एकांताची शिदोरी



आपल्या संप्रदायात काही शब्द असे आहेत, की ते कीर्तनकाराच्या तोंडून बाहेर पडताच श्रोत्यांच्या माना डोलू लागतात. अर्थ कळायच्या आधीच मान्यता मिळते. वैराग्य, उपरती, एकांत हे त्या जातीचे शब्द. त्यांना कोणी हटकत नाही. नाण्यावरचा छाप ठसठशीत दिसला की ते वाजवून पाहावे असे कोणाला वाटत नाही, आणि मग खोटे नाणेही खऱ्याच्या बरोबरीने बाजारात फिरते. चाळीस वर्षांहून अधिक काळ कीर्तनाची सेवा घडली. आता आवाज थकला, गुडघे फार वेळ उभे राहू देत नाहीत, म्हणून नारदाच्या गादीवरून उतरून श्रोत्यांत बसतो. खाली बसल्यावर तेच शब्द वेगळे ऐकू येतात. ‘एकांत’ आणि ‘एकांतवास’ या शब्दांविषयी जे हल्ली कानावर येते, त्याचा थोडा विचार वाचक माउलींपुढे ठेवतो.

हा शब्द आज तीन ठिकाणी भेटतो. पहिले ठिकाण बाजार. थंड हवेच्या गावी डोंगरउतारावर खोल्या बांधतात, झाडांत दिवे लावतात आणि ‘एकांत’ अशी पाटी ठोकतात. तिथे दिवसाच्या भाड्याने एकांत मिळतो. दमलेल्या माणसाने चार दिवस विसावा घ्यावा, त्यात पाप नाही. त्याला विसावा म्हणावे, एवढेच.

दुसरे ठिकाण घरातून निघू पाहणाऱ्या माणसाचे. पीककर्ज थकलेले असते, भावाशी धुऱ्याचा वाद चाललेला असतो, आई अंथरुणाला खिळलेली असते, आणि नेमकी त्याच वेळी याला एकांताची ओढ लागते. नदीकाठचे एखादे देऊळ गाठतो, दाढी वाढवतो. गाव म्हणते, माणूस विरक्त झाला. बँकेचा माणूस मात्र त्याच्या बायकोच्या दारात उभा असतो.

तिसरे ठिकाण आमच्याच गादीवरचे आहे, म्हणून त्याचे दुःख अधिक. मालेगाव तालुक्यातल्या एका गावी सप्ताह होता. कीर्तनकार तरुण होते, पाठांतर चोख, गळा गोड. उत्तररंगात त्यांनी सांगितले की ज्यांची मुले शहरात गेली, घरे रिकामी झाली, त्यांनी कुरकूर करू नये. इतरांना जो एकांत तपाने मिळवावा लागतो, तो देवाने तुम्हाला न मागता दिला आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. महाप्रसादाच्या पंगतीकडे जाताना शेजारची एक म्हातारी हळूच म्हणाली, “महाराज, एकांत गोड असते म्हनता, मंग माहं घर दिवे लागले की खायले काऊन उठते?” तिचा मुलगा आणि सून पुण्याकडे असतात. या प्रश्नाला कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण त्या रात्रीच्या निरूपणावरची खरी टीका तीच होती, आणि तिचे उत्तर देणे आम्हा कीर्तनकारांना भाग आहे.

उत्तराआधी शब्द नीट पाहू. मराठीत माणसांपासून दूर राहण्याला बरेच शब्द आहेत आणि प्रत्येकाचा रंग निराळा आहे. वनवास हा दुसऱ्याच्या आज्ञेने घडतो; रामाला घडला. म्हणून ज्या बाईला सासरी सुख नाही ती वनवास भोगते, असे आपण म्हणतो. अज्ञातवास लपण्यासाठी असतो. पांडवांना तो एक वर्ष काढावा लागला. विजन म्हणजे जिथे जन नाहीत ते. वर्तमानपत्रे निवडणुकीत पडलेल्या पुढाऱ्याला विजनवासात पाठवतात, तो हाच शब्द. महानुभाव पंथात विजन हा साधकाच्या नित्यक्रमाचा भाग आहे. अटन, विजन, भिक्षा, भोजन असा तो क्रम सांगतात. भटकावे, एकटे बसावे, पण त्यानंतर भिक्षेला गावातच यावे लागते. विजनात बसलेल्याची भूक गावाच्या चुलीवरच भागते, हे त्या क्रमातच आले आहे.

आता एकांत. एक आणि अंत. अंत म्हणजे टोक, कडा, शेवट, तसाच निश्चयही. ज्याला एकच टोक आहे तो एकांत. या शब्दात माणसांची मोजदाद कुठेच नाही. महाभारताच्या शांतिपर्वात नारायणीय आख्यान आहे. तिथे ‘एकांती’ हे नाव ज्यांना दिले आहे, ते नारायणाखेरीज दुसरे टोक नसलेले भक्त आहेत. रानात एकटे राहणे ही त्यांची ओळख नव्हे. ऐकांतिक भक्ती हा शब्द तिथूनच आला. आमच्या जिल्ह्यात शिरपूर आणि कारंजा ही जैनांची मोठी स्थाने आहेत. त्यांच्या शास्त्रात अनेकांत हा सिद्धांत आहे. तिथे एकांत म्हणजे एकच बाजू धरून बसण्याचा हट्ट, आणि तो दोष मानला आहे. अर्थ अगदी उलट दिशेला गेला, पण शब्दाचे मूळ तेच राहिले: मनाचे एक टोक. बखरींतही कारभारी आणि धनी ‘एकांती’ बसतात, म्हणजे दोघे मिळून खलबत करतात. दोघांचाही एकांत होऊ शकतो. गुरू शिष्याला अनुग्रह देतात तो एकांतातच, आणि तिथेही दोघे असतात.

खळ्यावर मळणी पाहिलेल्यांना हे लवकर कळेल. खळ्याच्या मधोमध मेढ रोवलेली असते आणि तिच्याभोवती चार-सहा बैल फिरतात. बैल अनेक, पण दावे एका मेढीला बांधलेले. तो एकांत. आणि दावे तोडून रानात एकटाच उधळलेला बैल हा एकटा खरा, पण एकांती नव्हे.

गीतेने या विषयासाठी जो शब्द वापरला तो आणखी सूक्ष्म आहे. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना ‘विविक्तदेशसेवित्व’ हे लक्षण येते. विविक्त आणि विवेक हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून आले. विवेक म्हणजे वेगळे करून पाहणे, निवडणे. सुपात धान्य पाखडावे आणि फोल बाजूला जावे, तसे. विविक्त म्हणजे तशी निवड झालेली जागा. ज्याच्या मनात विवेक नाही, त्याच्यासाठी कोणतीच जागा विविक्त होत नाही. तो गुहेतही बाजार मांडतो. सहाव्या अध्यायात योग्याने ‘रहसि’ राहावे असे आहे. त्याच रहस् शब्दातून रहस्य निघाले. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेल्या ग्रंथाला ‘गीतारहस्य’ हे नाव दिले. सक्तीच्या एकटेपणात बसून लिहिलेला हा ग्रंथ कर्म सोडा असे न सांगता कर्म करा असे सांगतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

येथे कोणी अभ्यासू वाचक शंका घेईल. त्याच श्लोकात भगवंतांनी लोकांच्या गर्दीविषयी अरुची हेही ज्ञानाचे लक्षण म्हटले आहे. माउलींनी त्यावर टीका करताना तीर्थांचे काठ, तपोवने, डोंगरातल्या गुहा, जलाशयांचे परिसर अशी मोठी यादी दिली आहे, आणि अशा ठिकाणी रमणाऱ्याला नगरात यावेसे वाटत नाही असे स्पष्ट सांगितले आहे. मग गर्दी वाईटच ठरली ना?

शंका रास्त आहे. समाधान तीन ठिकाणी आहे. पहिले, त्याच श्लोकाच्या पूर्वार्धात अनन्य, अव्यभिचारिणी भक्ती सांगितली आहे. आधी टोक, मग जागा. टोक नसेल तर जागेचा उपयोग नाही. दुसरे, शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात ‘जन’ या शब्दाचा अर्थ मुद्दाम उलगडला आहे. जन म्हणजे संस्कार नसलेले, उद्धट लोक. संस्कारी आणि विनयी लोकांची संगत ज्ञानाला उपकारकच आहे, असे ते बजावतात. संन्याशांचे आचार्य हे सांगतात, मग आपण संसारी माणसांनी एकांताच्या नावाखाली सत्संग तोडण्याचे काय कारण? तिसरे समाधान माउलींचे आहे. सहाव्या अध्यायात योगाच्या जागेचे वर्णन करताना ती इतकी रमणीय असावी म्हणतात, की वाटेने चाललेला सहज तिथे थांबावा आणि राजालाही राज्य टाकून बसावेसे वाटावे. आणि लगेच एक अट घालतात: तिथे साधकांची वस्ती असावी, पण जनांच्या पायांची वर्दळ नसावी. वाचकहो, ही ओवी ज्ञानेश्वरी उघडून अवश्य पाहावी. एकांताच्या जागेलाही माउलींनी वस्ती ठेवली आहे. रिकामे ओसाड ठिकाण त्यांना अभिप्रेत नाही.

आता दृष्टांताकडे वळू, कारण शब्द बिघडतो तो बहुधा दृष्टांत अर्धवट सांगितल्यामुळे. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले. त्यांत एक कुमारी आहे. शांतिब्रह्म नाथ महाराजांनी एकनाथी भागवताच्या नवव्या अध्यायात हा प्रसंग मराठीत आणला. एकांतवासाचे निरूपण निघाले की कीर्तनात हा दृष्टांत ठरलेला. कुमारीच्या हातात बांगड्या पुष्कळ होत्या, त्यांचा आवाज होऊ लागला. तिने एकेक काढून दोन ठेवल्या, तरी आवाज. एकच ठेवली, आवाज थांबला. म्हणून साधकाने एकटे राहावे. इथे कीर्तनकार थांबतो आणि टाळकरी अभंगाचे ध्रुवपद उचलतात.

पण ती कुमारी करीत काय होती? ते का सांगत नाहीत? तिला पाहायला पाहुणे आले होते. आईवडील घरी नव्हते. घरात कांडलेले तांदूळ नव्हते. आल्या पाहुण्यांना जेवू घातले पाहिजे, म्हणून ती आडोशाला बसून साळी कांडत होती. बांगड्यांच्या आवाजाने घरची गरिबी बाहेर बसलेल्यांना कळेल, त्यांना अवघडल्यासारखे होईल आणि आपल्यालाही लाज वाटेल, म्हणून तिने त्या काढल्या. म्हणजे त्या एका बांगडीची शांतता पाहुणचाराच्या पोटात आहे. ती कुमारी काम सोडून रानात गेली नाही. दुसऱ्याच्या ताटात भात पडावा यासाठी तिने आपला आवाज बंद केला. अवधूताने एकटेपण घ्यायचे ते यातून घेतले, तो त्याचा अधिकार. पण आपण संसारी माणसांना हा दृष्टांत सांगताना साळी कांडणे गाळून बांगडी तेवढी उचलतो, तेव्हा दृष्टांताचे फोल ठेवतो आणि दाणा टाकून देतो.

संतांची चरित्रे याच कसोटीवर पाहावीत. विठ्ठलपंत काशीला गेले आणि संन्यास घेतला. घरी पत्नी आहे हे कळताच गुरूंनी त्यांना परत पाठवले. रुक्मिणीबाईंना एकटे टाकून मिळवलेला एकांत गुरूंनी मान्य केला नाही, ही गोष्ट आमच्या संप्रदायाच्या पायाशीच आहे. पण पुढचे अधिक विचार करायला लावणारे आहे. ते परतले आणि समाजाने त्या कुटुंबाला वाळीत टाकले. आळंदीबाहेर इंद्रायणीकाठी सिद्धबेटात हे कुटुंब राहिले. नदी होती, झाडे होती, शांतता होती. आजच्या पाटीवाल्याला विचारले तर तो म्हणेल, उत्तम एकांत! पण निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई या चार लेकरांना विचारा. तो बहिष्कार होता. जागा तीच, शांतता तीच; एकाने आपणहून घेतली तर तप, गावाने लादली तर अन्याय. आणि ज्यांना गावाने असे एकटे पाडले, त्यांच्यातल्याच एकाने शके १२१२ मध्ये नेवाशाला ग्रंथ पुरा करताना देवाकडे साऱ्या प्राणिमात्रांचे परस्परांशी मैत्र मागितले. चोखोबांचेही तसेच. मंदिराबाहेर उभे राहणे हे त्यांच्यावर लादलेले होते. त्यांची भक्ती थोर, म्हणून आपण त्या बाहेर उभे राहण्याला एकांताचे गोड नाव देऊ नये. वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली कायदा केला. म्हणजे हा रोग साडेसातशे वर्षांनंतरही गेलेला नव्हता.

तुकोबांकडे या. एकांत म्हटले की भंडारा डोंगर डोळ्यांपुढे येतो. झाडावेलींशी नाते जोडणारा त्यांचा अभंग आज वृक्षारोपणाच्या फलकावर सर्वत्र दिसतो. फलकावर पहिले चरण असते. पुढे तुकोबा एकांतवासाच्या सुखाविषयी बोलतात आणि तिथे आपलाच आपल्या मनाशी संवाद चालतो असे सांगतात, तिथपर्यंत कोणी जात नाही. नीट पाहिले तर त्या अभंगातला एकांत नातलगांनी भरलेला आहे. तुकोबा एकटे बसत, पण एकटे पडलेले नव्हते.

डोंगरावर जाण्याआधी त्यांनी काय केले, हे परंपरा सांगते. दुष्काळात घर बुडाले, सावकारीचे कागद उरले. भावाचा वाटा त्यांनी भावाच्या हाती दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली. दुसऱ्याच्या हक्काचा कागद त्यांनी आपल्या वैराग्यात बुडवला नाही. आपले येणे सोडले, दुसऱ्याचे देणे ठेवले नाही, आणि मग ते डोंगर चढले. कर्ज थकवून मठात जाऊन बसणाऱ्याने हा प्रसंग रोज आठवावा.

आणि आता शिदोरीची गोष्ट. तुकोबा भंडाऱ्यावर बसत, तेव्हा जिजाई भाकरी घेऊन डोंगर चढत. पायात काटा मोडल्याचा प्रसंग आम्ही कीर्तनात रंगवून सांगतो, आणि त्यात जिजाईंच्या तोंडाळपणावर लोकांना हसवतो. मला या वयात त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. घरात दाणा नाही, पोरे रडताहेत, आणि तरी ही माउली नवरा जेवल्याशिवाय जेवायची नाही म्हणून उन्हात डोंगर चढते. तुकोबांच्या एकांताची शिदोरी जिजाईंच्या डोक्यावर होती. गाथा आपल्यापर्यंत आली, तिला जिजाईंच्या पायाचे रक्त लागले आहे. देवाने तो काटा काढला असे परंपरा म्हणते, त्याचा अर्थ मी असा घेतो: भंडाऱ्यावर बसलेल्याइतकीच भंडारा चढणारीची काळजी पांडुरंगाला होती.

आमच्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. कारंजा हे नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान. गुरुचरित्र सांगते, की बालपणीच ते तीर्थयात्रेला आणि संन्यासाला निघाले, तेव्हा आई रडू लागली. मग ते घरी थांबले. आईला जुळे पुत्र झाले, तिची कूस भरली, तेव्हा तिचा निरोप घेऊन ते निघाले. पुढे तीस वर्षांनी कारंजाला येऊन आईवडिलांना भेटलेही. ज्यांना अवतार मानले, तेही आईचा दुसरा आधार पाहिल्याशिवाय गेले नाहीत. नाथ महाराज लहानपणी न सांगता देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले. गुरूंनी त्यांना शूलिभंजनाच्या एकांतात तपाला बसवले खरे, पण शेवटी पैठणला, शोध घेत फिरलेल्या म्हाताऱ्या आजी-आजोबांजवळ राहून गृहस्थाश्रम करायला सांगितले. नाथांचा सगळा मोठेपणा त्यानंतरचा, पैठणच्या भर वस्तीतला आहे. आमच्या विदर्भात गाडगेबाबा १९०५ साली घर सोडून निघाले, अनोळखी होऊन वर्षानुवर्षे फिरले. पण त्या भटकंतीतून ते परत माणसांतच आले. दिवसा गाव झाडले, रात्री कीर्तन केले, पंढरपूरला वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधल्या.

या सगळ्यांतून माझ्या अल्पमतीला एकच सिद्धांत दिसतो. एकांत ही कोणाची स्वकष्टार्जित मिळकत नाही. तो दुसऱ्यांनी दिलेला असतो. एक माणूस तासभर डोळे मिटून बसतो, तेव्हा त्याचे ढोर कोणीतरी पाजते, त्याचे लेकरू कोणीतरी उचलते, त्याची भाकरी कोणीतरी थापते. आळंदीला १९१७ साली जोग महाराजांनी वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथली मुले ग्रंथ पाठ करीत बसत, ती आळंदीच्या बायाबापड्यांनी दिलेल्या माधुकरीच्या बळावर. म्हणून एकांत घेणाऱ्यावर ऋण असते आणि ते परत करायचे असते. आणि जिथे कोणी शिदोरी आणणाराच नाही, तिथे एकांत नसतो. तिथे असते ती उपेक्षा.

त्या म्हातारीच्या प्रश्नाचे उत्तर हेच. तिचे घर खायला उठते, कारण ते एकटेपण तिने मागितलेले नाही आणि तिच्याकडे शिदोरी घेऊन कोणी येत नाही. इंग्रजांनी १८६० साली केलेल्या दंडसंहितेत एकांत कोठडी ही शिक्षा होती, आणि ती फार कठोर म्हणून तिला मर्यादा घातली होती: एका वेळी चौदा दिवसांहून जास्त नाही, एकूण तीन महिन्यांहून जास्त नाही. २०२३ च्या नव्या न्याय संहितेतही ही मर्यादा आहे. गुन्हेगारालाही ज्याहून अधिक एकटे ठेवू नये असे कायदा म्हणतो, ते आमच्या गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांना वर्षानुवर्षे भोगावे लागते, आणि आम्ही गादीवरून त्याला देवाचा प्रसाद म्हणतो. आईवडिलांच्या निर्वाहासाठी २००७ साली केंद्राने कायदा केला. कायदा पोटगी मिळवून देईल. संध्याकाळी ओट्यावर येऊन बसणारा माणूस कायद्याने मिळत नाही. तो शेजारातून आणि संप्रदायातूनच मिळायचा.

आपल्या संप्रदायाने यावर उपाय कधीच सांगून ठेवला आहे. अखंड हरिनाम सप्ताहात विणा खाली ठेवायची नसते. त्यासाठी पहारे लावतात. रात्री दोनचा पहारा ज्याच्याकडे असतो, त्याने कधी आपले मन तपासून पाहावे. मांडवात समई जळते, चार माणसे घोंगडी पांघरून झोपलेली असतात, लांब वावरात जागलीला गेलेल्या कोणाची तरी हाळी ऐकू येते. विणेची तार आणि मुखी नाम, दुसरे काही नाही. हिमालयात याहून वेगळा एकांत काय असेल? पण तो विणेकऱ्याला मिळतो, कारण त्याच्या आधी कोणी तरी उभा होता आणि चार वाजता दुसरा कोणी तरी विणा घ्यायला येणार आहे. तो आलाच नाही, तर एकांताची शिक्षा व्हायला वेळ लागत नाही. दोन तासांनी विणा दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची, हा आपला एकांताचा शास्त्रार्थ आहे.

वारीतही तेच. गजानन महाराजांची पालखी आमच्या मेडशी, शिरपूर, रिसोडवरून जाते, तेव्हा त्या रांगेत चालणारा माणूस मैलोगणती आतल्या आत एकटा असतो आणि तरी त्याच्या पुढे-मागे पावले असतात. २०२० साली साथीमुळे पायी वारी झाली नाही; मोजक्या माणसांनिशी पादुका एसटी बसमधून पंढरीला गेल्या. त्या वर्षी ‘एकांतवास’ हा शब्द विलगीकरणाच्या अर्थाने घरोघरी पोचला. दाराला आतून कडी आणि बाहेर फिती. नाम तेव्हाही घेतले, पण घशाशी काही अडकत होते. वाट मोकळी असून कोणी चालत नव्हते, म्हणून ते अडकत होते. वारकऱ्याचा एकांत वाटेवर असतो, आणि वाट तर माणसांनीच होते.

आमच्या गावाचे नाव याला साक्ष आहे. वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी, आणि दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात ते नाव कोरलेले आहे. स्थळमाहात्म्य असे सांगते, की वत्स ऋषींनी इथे घोर तप केले आणि त्या तपामुळे देवांचा समुदाय त्यांच्या आश्रमाजवळ येऊन राहिला. गुल्म या शब्दाचा एक अर्थ झाडांची जाळी आणि दुसरा अर्थ समुदाय. ऋषी जाळीत एकटे बसले, आणि त्या तपाचे फळ म्हणून वस्ती मिळाली. ज्या एकांताच्या शेवटी चार जीव जवळ येत नाहीत, त्याच्या मुळाशी तप होते की रुसवा, हे तपासावे.

म्हणून कीर्तनकार बंधूंना हात जोडून विनंती आहे. एकांताचे निरूपण करताना समोर कोण बसले आहे ते पाहावे. ज्याच्या घरी दहा माणसांची वर्दळ आहे आणि ज्याचे मन शंभर ठिकाणी धावते, त्याला एकांत सांगावा. ज्याला घरातून पळायचे आहे, त्याला तुकोबांच्या खतांची गोष्ट सांगावी. आणि ज्याचे घर दिवे लागले की खायला उठते, त्याला एकांत सांगू नये. त्याच्या शेजाऱ्यांना शेजारधर्म सांगावा.

आणि वाचक माउलींना एक सुचवतो. गावात अशी एकटी घरे किती आहेत, ते भजनी मंडळाला ठाऊक असते. संध्याकाळचा हरिपाठ रोज देवळातच झाला पाहिजे असे नाही. आठवड्यातून एक दिवस तो अशा एखाद्या ओट्यावर करावा, आणि दर आठवड्याला ओटा बदलावा. टाळ घेऊन पाच माणसे आली, तरी त्या घराची एक संध्याकाळ सरते. तसेच ज्या घरात सून पहाटेपासून रात्रीपर्यंत राबते, तिथे घरच्यांनी तिला दिवसातून एक घटका मोकळी द्यावी. तेवढा वेळ चूल आणि लेकरे दुसऱ्या कोणी पाहावीत. ती नाम घेईल, ज्ञानेश्वरीची एक ओवी वाचील, किंवा नुसती भिंतीला टेकून बसेल. तो तिचा एकांत. त्याची शिदोरी तिच्याकडे पोचवणे हे घरातल्या आपल्यासारख्यांचे काम आहे; भाकरी घेऊन डोंगर चढण्याची पाळी आता आपली आहे.

पुंडलिकाने आईवडिलांचे पाय दाबता दाबता देवाला विटेवर थांबवले. देव अठ्ठावीस युगे तिथे उभा आहे, आणि तो एकांतात उभा नाही. लाखोंच्या गर्दीत, कमरेवर हात ठेवून, प्रत्येकाकडे एकट्याकडे पाहावे तसा पाहत उभा आहे.

रामकृष्णहरी.